क्रेनला जीपीएस आहे म्हणजे एसएलआय आहे असं नाही

साइटवर सेफ्टी ऑफिसर विचारतो की क्रेनचा एसएलआय (ओव्हरलोड होत असेल तर इशारा देणारं केबिनमधलं यंत्र) चालू आहे का, आणि क्रेनसोबत आलेला सुपरवायझर मोबाईल काढून ॲप दाखवतो, हे बघा साहेब सगळं ऑनलाईन आहे, लोकेशन येतंय, डिझेल दिसतंय, इंजिन किती तास चाललं तेही दिसतंय. आणि बऱ्याचदा समोरचा मान डोलावून पुढे जातो. मला याची खरंच काळजी वाटते, कारण ॲपमध्ये दिसतंय ते वेगळं यंत्र आणि विचारलं होतं ते वेगळं यंत्र, दोघांनाही सेन्सर आहेत, दोघांनाही वायरी आहेत, दोन्ही "मॉनिटरिंग" म्हणूनच विकले जातात, म्हणून गोंधळ होतो.

आधी एसएलआय, म्हणजे सेफ लोड इंडिकेटर. काही जण एलएमआय म्हणतात, काम तेच. हा केबिनमध्ये ऑपरेटरच्या समोर असतो. टेलिस्कोपिक क्रेनमध्ये बूमची, म्हणजे क्रेनच्या आतबाहेर होणाऱ्या लांब हाताची, लांबी मोजायला केबलचं रील, कोन मोजायला अँगल सेन्सर आणि बूम उचलणाऱ्या सिलेंडरवर प्रेशर सेन्सर. जाळीच्या बूमला प्रेशरऐवजी दोराच्या लाईनीत लोड सेल बसवतात. लांबी आणि कोनावरून तो रेडियस, म्हणजे क्रेन जिथे फिरते त्या मध्यापासून हूकपर्यंतचं आडवं अंतर, काढतो, आणि खरी गोष्ट तिथेच आहे, कारण क्रेन नुसत्या वजनाने नाही तर वजन गुणिले रेडियस याने उलटते. ३० मीटर बूम ७० अंशावर असेल तर रेडियस साधारण १०.३ मीटर, तोच बूम ६० अंशावर आणला की १५ मीटर. हूकला १० टन लटकलंय असं धरा, वजन एक किलोनेही वाढलेलं नाही पण हा गुणाकार, म्हणजे मोमेंट, १०३ वरून १५० टन-मीटरवर गेली, म्हणजे जवळपास दीडपट, फक्त दहा अंश खाली घेतल्यामुळे! माणसाच्या डोळ्याला हे दहा अंश फार मोठे वाटत नाहीत. म्हणून तो डबा दर क्षणाला लोड चार्टशी (किती रेडियसला किती वजन चालतं याचा तक्ता) ताडून बघत असतो, साधारण ९० टक्क्याला पिवळा दिवा आणि बझर, १०० च्या पुढे गेलं की हूक वर घेणं, बूम खाली करणं, बूम बाहेर काढणं बंद, लोड खाली ठेवायला मात्र मोकळीक.

आता टेलिमॅटिक्स, म्हणजे सुपरवायझरने दाखवलेल्या ॲपमागचं यंत्र. एक मोडेम, एक सिम, जीपीएस, आणि इंजिनच्या कॅन लाईनमधून (मशीनच्या कंट्रोलरना जोडणारी डेटाची वायर) येणारी माहिती. डेटा सर्व्हरवर जातो आणि ऑफिसला पोर्टलवर दिसतो. गाडी कुठे आहे, इंजिन किती तास चाललं, किती वेळ आयडल, म्हणजे नुसतं चालू, होतं, डिझेल किती, कुठला फॉल्ट कोड आला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचा डेटा एकाच पोर्टलवर यावा म्हणून आयएसओ १५१४३-३ नावाचं स्टँडर्ड आहे, अमेरिकेतल्या फ्लीट सांभाळणाऱ्यांच्या एईएमपी संघटनेने सुरू केलेल्या कामातून ते आलं. पण ते लिहिलं गेलं मातीकामाच्या आणि रस्त्याच्या मशीनसाठी, म्हणून बूमचा कोन, रेडियस, लोड चार्ट हा त्याचा मूळ विषयच नाही.

आणि त्यामुळे क्रेनवाल्यांना अजून एक त्रास होतो जो पोकलेनवाल्यांना होत नाही. पोकलेन आयडल दिसली तर डिझेल वाया जातंय असं समजता येतं. क्रेनचं तसं नाही, कॉलम हूकला धरून ठेवलाय आणि खाली फिटर बोल्ट आवळतायत तेव्हा इंजिन आयडललाच असतं आणि क्रेन तेव्हाच सगळ्यात महत्त्वाचं काम करत असते. ऑफिसमधून फोन येतो, इंजिन बंद का नाही केलं म्हणून, हे ऑपरेटरवर अन्याय करणारं आहे. तसंच इंजिन तासांचं, एकाच इंजिनवर रस्त्याने पळणारी आणि लिफ्टिंगही करणारी क्रेन असेल तर त्या तासांत प्रवास किती आणि उचल किती हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, आणि दोराची, विंचची झीज तर उचलीवर अवलंबून असते.

मग वेळेचा फरक. ओव्हरलोड होऊन मागचे जॅक, म्हणजे क्रेनला आधार देणारे पाय, जमिनीवरून सुटायला काही सेकंद लागतात. टेलिमॅटिक्सचा डबा काही मिनिटांनी डेटा पाठवतो, घाटात किंवा बेसमेंटमध्ये नेटवर्क नसेल तर नंतर कधीतरी. ऑफिसच्या स्क्रीनवर लाल अलर्ट येईपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतं. एसएलआयला नेटवर्क लागतच नाही.

पण म्हणून टेलिमॅटिक्स बिनकामाचं असं मी अजिबात म्हणत नाही, कारण एसएलआयची एक मोठी कमजोरी आहे, तो बायपास करता येतो. चावी फिरवली की हालचाली थांबवणारा कटऑफ बंद, आणि घाईच्या साइटवर ती चावी तशीच राहते. शिवाय काउंटरवेट किती, जॅक पूर्ण बाहेर की अर्धे, हूकला दोराचे फॉल्स (पदर) किती हे अनेक क्रेनमध्ये ऑपरेटरच टाकतो, चुकीचं टाकलं तर डबा चुकीच्याच चार्टवर इमानदारीने हिशोब करत बसतो. चांगल्या एसएलआयमध्ये याची नोंद आत लॉगरमध्ये राहते, पण ती काढून बघतो कोण? इथे दोन्ही जोडले तर खरा उपयोग. लीबहेरच्या क्रेनमध्ये केबिनमधला लिकॉन वेगळा आणि बाहेर डेटा पाठवणारं लिडॅट वेगळं, मॅनिटोवॉकचं क्रेनस्टार, टाडानोचं हॅलो-नेट हीसुद्धा दूरवर माहिती नेणारी बाजू. बायपास कधी झाला, किती वेळ राहिला, लोड किती टक्क्यावर गेला हे ऑफिसला कळत असेल तर ते मॉनिटरिंग. आपल्याकडे जुन्या हायड्राला (लोड घेऊन चालणारी छोटी क्रेन) बाहेरून जो ट्रॅकर बसवतात त्याला बॅटरी आणि इग्निशनची वायर एवढंच माहीत असतं, हूकला काय लटकलंय याची त्याला गंधवार्ताही नसते.

आणि दोन्ही असले तरी काही गोष्टी दोघांनाही दिसत नाहीत. जॅकखालची माती बसते आहे का, लोड तिरका ओढला जातोय का, आणि वारा. १४ जुलै १९९९ ला अमेरिकेत मिलवॉकीच्या मिलर पार्क स्टेडियमचं छत चढवताना बिग ब्लू नावाची अजस्र क्रेन कोसळली, तीन लोखंडकाम करणारे कामगार गेले. छताच्या त्या प्रचंड तुकड्यावर वारा किती जोर लावेल याचा हिशोब धरला गेला नव्हता. बूमच्या टोकाला अनिमोमीटर असला तरी तो वाऱ्याचा वेग सांगतो, समोरचा पत्रा किती मोठा आहे ते त्याला माहीत नसतं, ते लिफ्ट प्लॅन करणाऱ्यालाच बघावं लागतं.

बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतसुद्धा जिबच्या, म्हणजे बूमच्या, क्रेनला ऑटोमॅटिक सेफ लोड इंडिकेटर मागितलाय, ट्रॅकर नाही. त्यामुळे क्रेन भाड्याने घेताना ॲप बघा, जरूर बघा, डिझेलचा आणि तासांचा वाद त्याने मिटतो. पण नंतर केबिनमध्ये चढा, ऑपरेटरला माहीत असलेलं वजन उचलायला सांगा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो का बघा, टेपने रेडियस मोजून तोही जुळवा, बायपासची चावी कोणाच्या खिशात आहे ते विचारा. चावी स्विचमध्येच अडकलेली दिसली तर ती काढून साइट इंजिनिअरकडे जाईपर्यंत लिफ्ट सुरू करू देऊ नका.