आश्रमव्यवस्था : आयुष्याची आखणी

धर्म, अर्थ, काम व मोक्ष हे पुरुषार्थ एकाच जन्मात साधावेत म्हणून आयुष्याचे टप्पे पाडण्याची प्राचीन भारतीय कल्पना. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ व संन्यास हा तिचा क्रम सुपरिचित आहे. पंचवीस-पंचवीस वर्षांचा रूढ हिशेब मात्र मनुस्मृतीत नाही. तेथे आयुष्याचा ‘चौथा भाग’ एवढाच शब्द आहे (४.१), वेदाध्ययनाला ३६, १८ किंवा ९ वर्षांची मुदत दिली आहे (३.१). वानप्रस्थाची वेळ तर वर्षे मोजून ठरवायची नाही : अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड पाहिले की वनाकडे निघावे (६.२).

मूळ स्वरूपाविषयी मतभेद आहेत. छांदोग्योपनिषदात (२.२३) धर्माचे तीन स्कंध (शाखा) सांगून पुढे ‘ब्रह्मसंस्थ’, म्हणजे ब्रह्मात स्थिर झालेला, अमृतत्व पावतो असे म्हटले आहे. या शब्दात शंकराचार्यांना संन्यासी दिसतो. परंतु तेथे चार आश्रमांची मांडणी स्पष्ट नाही. ती आपस्तंब, गौतम, बौधायन यांच्या धर्मसूत्रांत (आचारधर्माच्या प्राचीन सूत्रग्रंथांत) येते, आणि तीही वादाचा विषय म्हणून. आपस्तंबाच्या यादीत (२.९.२१.१) गार्हस्थ्य पहिले, आचार्यकुल (गुरुगृही राहणे, म्हणजे ब्रह्मचर्य) दुसरे, म्हणजे ही चढती पायरी नव्हे. गौतम ‘आश्रमांचा विकल्प काही जण सांगतात’ असे नोंदवून, प्रत्यक्ष श्रुतिवचन (वेदाचा आधार) गृहस्थाश्रमालाच असल्याने आश्रम एकच, असा आचार्यांचा निर्णय देतो. बौधायन आणखी पुढे जातो : प्रल्हादाचा पुत्र कपिल नावाच्या असुराने देवांशी स्पर्धा करताना हे भेद पाडले, शहाण्याने ते मानू नयेत.

पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात समुच्चय (चारही क्रमाने), विकल्प (कोणताही एक) व बाध (गार्हस्थ्यच खरे) असे तीन पक्ष मांडले आहेत. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्या मते (१९९३) आश्रम हे आरंभी विद्या संपवलेल्या तरुणापुढचे आयुष्यभराचे पर्याय होते; टप्प्यांची साखळी नंतर जुळवली गेली. सूत्रांची भाषा पाहता हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मनुस्मृतीत, म्हणजे सामान्यतः इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या दरम्यान, क्रम पक्का झालेला दिसतो. तरीही जाबालोपनिषदाने वाट मोकळी ठेवली : ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे.

पुरुषार्थांची वयानुसार वाटणी कामसूत्रात (१.२) वेगळी आहे. बालपणी विद्या व अर्थ, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म व मोक्ष. मात्र आयुष्याचा भरवसा नाही, तेव्हा जसे जमेल तसे साधावे, अशी पुस्ती लगेच जोडली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची दृष्टी हिशेबी : बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्याला दंड (२.१).

ही सारी आखणी द्विज पुरुषासाठी होती. स्त्रीच्या बाबतीत विवाह हाच उपनयनाच्या जागी धरला आहे (मनु २.६७), शूद्राला तर तिच्यात जवळजवळ जागाच नव्हती. संन्यासातून मागे फिरणे शास्त्राला मान्य नव्हते. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून पुन्हा संसारात आले व कुटुंबावर बहिष्कार पडला, अशी परंपरा आहे. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ हे समर्थ रामदासांचे वचन समुच्चयपक्षाकडे झुकते. गंमत अशी की, ते स्वतः बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे.

विकल्पाची एक खूण सोडमुंजीत (विद्या संपल्यावरच्या समावर्तन संस्कारात) उरली असावी. बटू काठी-छत्री घेऊन काशीला जायला निघतो. दोन-चार पावले गेला की मामा त्याला अडवतो आणि ‘माझी मुलगी देतो’ म्हणून परत आणतो. हल्ली मुंज व सोडमुंज बहुधा एकाच दिवशी उरकतात, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला हा प्रसंग मौजेचाच वाटतो.