पंखा छताला, पण इंग्रजीत 'ऑन'

लोकलच्या डब्यात नजर फिरवा. रॅकवर बॅगा, छताला पंखे, पत्र्यावर चिकटवलेली जाहिरात, समोरच्याच्या बोटात अंगठी. मराठीला इथे 'वर', 'ला' आणि 'त' असे तीन प्रकार लागतात. इंग्रजी चारही ठिकाणी एकट्या 'ऑन'वर भागवते.

शाळेत 'ऑन म्हणजे वर' असं घोकून घेतात. त्या हिशेबाने पंखा गाडीच्या टपावर जायला हवा! खरं तर 'ऑन'ला उंचीशी देणंघेणं नाही. एक वस्तू दुसरीला टेकलेली आहे आणि तिच्या आधाराने राहिली आहे, एवढं त्याला पुरतं. आधार खालून असो, बाजूने असो की वरून. छताला चिकटलेली पालही म्हणूनच 'ऑन'. उलट पंखा आपल्या 'डोक्यावर' फिरतो तेव्हा मराठीत 'वर' आलं, तरी इंग्रजीत 'ऑन' चालत नाही. पंखा डोक्याला टेकत नाही, म्हणून तिथे 'ओव्हर'.

वाहनांचं गणित जरा वेगळं. टॅक्सीत 'इन', ट्रेनमध्ये आणि बसमध्ये 'ऑन'. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला साधारणपणे 'ऑन', असं सांगतात. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कोण चालून दाखवतो, ते सोडा. आणि 'ऑन मंडे' का, हे विचारत बसू नये. सरळ पाठ करावं.

जगातल्या भाषा ही वाटणी कशी करतात, हे भाषाशास्त्रज्ञ मेलिसा बोअरमन यांनी अनेक वर्षं तपासलं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी एरिक पेडरसन यांच्यासोबत 71 रेखाचित्रांचा संच केला: टेबलावर कप, बोटात अंगठी, अशी साधीच चित्रं. ती दाखवून निरनिराळ्या भाषकांना 'हे कुठे आहे?' असं विचारायचं. स्पॅनिश माणूस कपाला आणि वाडग्यातल्या सफरचंदाला एकच 'एन' लावतो. डच मात्र इंग्रजीच्या 'ऑन'चे तीन तुकडे करतात: टेबलावरच्या कपाला 'ऑप', खुंटीला टांगलेल्या कोटाला 'आन', बोटातल्या अंगठीला 'ऑम'. खुंटीला, छताला म्हणताना आपला जो 'ला' येतो, तो या 'आन'चा चुलतभाऊच वाटतो मला.

कोरियनची तऱ्हा आणखी निराळी. सून्जा चोई आणि बोअरमन यांनी 1991 मध्ये दाखवलं, की तिथे आत-वर यापेक्षा घट्ट की सैल हे महत्त्वाचं. बोटात चढवलेली अंगठी, पेनाला बसवलेलं टोपण, खोक्यात फिट्ट बसलेली कॅसेट, सगळ्यांना 'क्किदा' हे एकच क्रियापद. वाडग्यात टाकलेल्या सफरचंदाला ते चालत नाही. बाळं हा भेद भाषेकडूनच शिकतात का? सुझन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांना घट्ट आणि सैल बसणाऱ्या वस्तू दाखवल्या. एका प्रकाराची सवय झाल्यावर दुसरा आला, की बाळं जास्त वेळ टक लावून बघत. 2004 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांनी मात्र आपणहून हा फरक केला नाही.