मनीऑर्डरवर चाललेलं कोकण

मुंबईत कमावणारा माणूस पोस्टाने घरी पैसे धाडायचा, त्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, दोन ओळी खरडण्यापुरती. मजकूर बहुतेक ठरलेला: एवढे दुकानदाराची उधारी भागवायला, एवढे भाताच्या बियाण्याला, उरले तर शाकारणीला. पैसे मोजून देणारा पोस्टमनच पुष्कळदा ती पट्टी वाचूनही दाखवी. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता) ताळेबंद खरं तर या पट्ट्यांवरच होता.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कामगार पुरवण्यात रत्नागिरी कितीतरी दशकं आघाडीवर राहिला. कारण सोपं होतं. जमीन कातळाची नि उताराची, पीक पावसाळी भात आणि वरकसावर, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर, नाचणी. त्यातलाही मोठा वाटा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी जायचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. तोवर दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा बंदरांतून बोटीने मुंबई गाठायची वाट मळून गेली होती. गेलेला माणूस ‘चाकरमानी’ झाला, गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीत, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकून राहिला. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच जागेवर आळीपाळीने झोपता यायचं.

बायकामुलं मात्र गावीच. मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा इथे आहे. मनीऑर्डरीने गाव जगवलं हे आपण कौतुकाने सांगतो, पण गावानेही गिरणी जगवली. कामगाराचं बालपण, आजारपण, म्हातारपण सगळं गावच्या शेतीने आणि तिथे राबणाऱ्या बाईने निभावलं, म्हणून मालकाला एकट्या माणसापुरती मजुरी देऊन भागलं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही कित्येकांनी गावचाच रस्ता धरला. घरचा भात होता, म्हणून तेवढे महिने काढता आले.

गावात आलेला पैसा पोटाला, देण्याला, लग्नकार्याला आणि गौरी-गणपतीला लागला. त्यातून चिरेबंदी घरं उभी राहिली, धंदे फारसे नाहीत. धंदा करायच्या वयाचा माणूसच तर तिकडे होता! २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि दहा वर्षांत लोकसंख्या ऐंशी हजारांहून अधिक घटली होती. सिंधुदुर्गाचीही घटलीच. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. तिने जाणं सोपं केलं तसं येणंही, पण येणं बव्हंशी शिमग्या-गणपतीपुरतं.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळालं आणि वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. आता बागा आहेत, घरात माणूस नाही. राखणीला आणि काढणीला नेपाळहून माणसं येतात, बागेतल्याच खोपटात हंगाम काढतात.