जुळ्यांचा घोटाळा : प्लॉटसपासून ‘अंगूर’पर्यंत

ग्रीक नाटक म्हटलं की इडिपस आणि शोकांतिका आठवते. आजच्या विनोदी सिनेमा-मालिकांना कच्चा माल पुरवला तो मात्र इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये रुळलेल्या ‘नव्या कॉमेडी’ने. आधीचा नाटककार ॲरिस्टोफेनिस पुढाऱ्यांची नावं घेऊन टर उडवायचा. नव्या कॉमेडीच्या मिनँडर या नाटककाराच्या पिढीने राजकारण सोडून घर धरलं. कडक बाप, प्रेमात पडलेला मुलगा, धन्याहून हुशार गुलाम, बढाईखोर शिपाई, फुकट जेवायला टपलेला पाहुणा. मुखवटे ठरलेले, त्यामुळे नट तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकांना पात्र कळे.

मिनँडरची नाटकं पुढे गहाळ झाली. जवळजवळ अखंड असं एकच हाती लागलं, ‘दिस्कोलोस’ (इ.स.पू. ३१६), तेही पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर), छापलं गेलं १९५८ मध्ये. म्हणजे युरोपने हा विनोद उचलला तो ग्रीकमधून नव्हे, लॅटिनमधून. ग्रीक नाटकं रोमन प्रेक्षकांसाठी बेतून घेणारा प्लॉटस हा यातला मधला दुवा.

त्याच्या ‘मेनेक्मी’चं मूळ ग्रीक नाटक कोणाचं, याचा पत्ता नाही. सिराक्यूजच्या व्यापाऱ्याचा सात वर्षांचा मुलगा परगावी हरवतो आणि आजोबा उरलेल्या जुळ्याला हरवलेल्याचंच नाव ठेवतात. चेहरा एक होताच, आता नावही एक. हेच कथानक घेऊन शेक्सपिअरने नोकरांचीही जुळी जोडी केली. त्याच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा प्रयोग २८ डिसेंबर १५९४ रोजी लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत झाल्याची नोंद आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये त्याचं बंगालीत ‘भ्रांतिविलास’ केलं, त्यावर १९६३ चा बंगाली चित्रपट, मग ‘दो दूनी चार’ (१९६८) आणि गुलजारांचा ‘अंगूर’ (१९८२).

नुसत्या सारख्या चेहऱ्यांवर हा फार्स फार वेळ तगत नाही. चुकीच्या हातात पडणारी एक किमती वस्तू लागते : प्लॉटसकडे बायकोचा झगा, शेक्सपिअरकडे सोन्याची साखळी, ‘अंगूर’मध्ये हार. वस्तू आली की उधारी येते, सोनार येतो, भांडण घराबाहेर पडतं. भाऊ मात्र शेवटापर्यंत समोरासमोर येता कामा नयेत, आणि जुळी आहेत हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक हवं. प्लॉटस ते प्रस्तावनेतच सांगून टाकतो.

खरी गोची वेगळीच. सिराक्यूजचा भाऊ सहा वर्षं जुळ्यालाच शोधत फिरतोय. परक्या गावात लोक त्याला नावाने हाका मारतात, तरी त्याला शंका कशी येत नाही? इथे अनेक नकला कोसळतात. प्लॉटसचा उपाय साधा : गुलाम आधीच बजावतो की हे गाव ठगांचं आहे, इथल्या गणिका बंदरावर माणसं पाठवून नव्या गलबतवाल्यांची नावं काढून आणतात. शेक्सपिअरने तिथे जादूटोण्याचं गाव आणलं. गुलजारांनी नायकाला हेरकथांचा नाद लावला. ओळख दाखवणारा प्रत्येक माणूस त्याला ‘गँग’मधला वाटतो.