चामखिळीसकट

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या लुसियस सिसिलियस युकुंडस या सावकाराच्या घरात सापडलेलं ब्राँझचं एक डोकं आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कपाळावर आठ्या, विरळ केस, पुढे आलेले कान आणि डाव्या गालावर खाली चांगली ठसठशीत चामखीळ. हे डोकं ज्या खांबावर बसवलेलं होतं, त्यावरच्या लेखानुसार तो उभारला फेलिक्स नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाने, ‘आमच्या लुसियस’च्या सन्मानार्थ. हा लुसियस म्हणजे युकुंडसच की घराण्यातला आधीचा कुणी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण सन्मान करतानाही चामखीळ वगळावी असं कुणाला वाटलं नाही!

चेहरा असा जसाच्या तसा दाखवण्याची ही आवड त्याआधीची, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. तेव्हाच्या संगमरवरी चेहऱ्यांवर बसलेले गाल, बोळकं तोंड, डोळ्यांखालच्या पिशव्या सगळं दिसतं. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात जपलेले असत आणि अंत्ययात्रेत माणसं ते चढवून चालत. सुरकुत्यांचं मूळ या मुखवट्यांत शोधतात, पण मला ते अपुरं वाटतं. रोममध्ये कॉन्सल, म्हणजे निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, व्हायला वयाची ४२ वर्षं पूर्ण लागत. म्हातारपण ही तिथे पात्रता होती. ‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ हे आपण तोंडाने सांगतो, त्यांनी दगडात कोरून घेतलं. मग शिल्पकार दोनचार सुरकुत्या पदरच्या घालत नसेल कशावरून?

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने उलट केलं. तो इसवी सन १४ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर वारला, पण पुतळ्यांत शेवटपर्यंत तरणाबांड. पुढे सम्राट नीरोच्या गुबगुबीत, केस कुरळे करून घेतलेल्या चेहऱ्यानंतर व्हेस्पेशियन आला, तो टक्कल आणि सुरकुत्या मिरवतच. मी साधा सैनिक आहे, हे सांगायला दुसरं काय हवं?

त्यामुळे पुतळ्यावरून रोगनिदान करू पाहणाऱ्या डॉक्टरांविषयी मला शंका असते. तरी सम्राट हेड्रियनचा कान मला अडवतो. त्याच्या अनेक अर्धपुतळ्यांत कानाच्या पाळीवर तिरकी घडी कोरलेली आहे. अशी घडी आणि हृदयविकार यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे, आणि हेड्रियन इसवी सन १३८ मध्ये, ६२व्या वर्षी गेला. निदान खरं की खोटं, ते राहू द्या. पण कानाच्या पाळीवरच्या घडीने रोममध्ये कुणाचा मान वाढत नव्हता. शिल्पकाराने ती कोरली, कारण ती समोर होती.