चित्रपट दाखवून सुवार्ता सांगण्याच्या प्रथेची पार्श्वभूमी

नाताळ जवळ आला किंवा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातील काही ख्रिस्ती मंडळ्या चर्चच्या आवारात किंवा भाड्याने घेतलेल्या सभागृहात पडदा लावतात, येशूच्या जीवनावरील चित्रपट दाखवतात आणि शेजारपाजारच्या इतरधर्मीय कुटुंबांनाही त्याचे आमंत्रण देतात. बाहेरच्या काहींना त्यात धर्मांतराचा छुपा हेतू दिसतो. आयोजकांपैकी काहींना तो गर्दी जमवण्याचा सोपा उपाय वाटतो. या प्रथेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबई आणि ठाणे जिल्ह्याच्या भूमीवर घडलेला आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना सहसा ठाऊक नसते. तो इतिहास नीट पाहिला तर दिसते की, दाखवणारा कोण आहे आणि कशासाठी दाखवतो आहे हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत होते तेथे चित्रपट दोन समाजांमधला दुवा ठरला, आणि जेथे ते लपवले गेले तेथे त्याने संशयच वाढवला.

ज्या लवचीक सेल्युलॉइड फितीवर चित्रपट उभा राहिला, तिच्या शोधामागेही एक पाळकच होता. अमेरिकेत न्यूअर्क येथे पाळकाचे काम करणारे हॅनिबल गुडविन यांना बायबलमधील प्रसंग मुलांना दाखवण्यासाठी काचेहून हलकी, न फुटणारी चित्रे हवी होती. त्यासाठी त्यांनी घरीच प्रयोग केले आणि 1887 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते त्यांना मिळायला 1898 उजाडले. त्याआधी काचेच्या रंगवलेल्या पट्ट्या दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठ्या करून दाखवणारा जादूचा कंदील एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या सामानातली नेहमीची वस्तू झाला होता. आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनीही तो सोबत नेला होता. आपल्याकडे हे तंत्र मिशनपुरते राहिले नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने कंदिलाचे खेळ सुरू केले. त्यांच्या कुटुंबाने स्वतः रंगवलेल्या काचांवर पुराणातील कथा होत्या, आणि चित्रे सरकत असताना निवेदन व गाणी चालत. म्हणजे ज्या साधनाने मिशनरी बायबलची गोष्ट सांगत होते, त्याच प्रकारच्या साधनाने ठाणे जिल्ह्यातील एक मराठी कुटुंब त्याच काळात रामकृष्णांची गोष्ट सांगत होते.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. युरोप-अमेरिकेत त्यानंतरच्या एकदोन वर्षांतच ख्रिस्ताच्या दुःखसहनाची नाट्ये फितीवर उतरू लागली होती. तिकडच्या प्रेक्षकाला ही कथा पाठ असल्यामुळे आवाज नसलेल्या तुटक दृश्यांमधूनही ती कळत असे, आणि हे चित्रपट भराभर लोकप्रिय होण्याचे ते एक मोठे कारण होते. 1910 मध्ये मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील असाच एक चित्रपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत त्यांनी लिहून ठेवले की, डोळ्यांसमोर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना मनात मात्र श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत ख्रिस्तचरित्राला हे स्थान आहे, आणि ते ख्रिस्ती वाचकाने जसे अभिमानाने सांगावे तसेच नम्रतेनेही लक्षात ठेवावे. एका श्रद्धेची गोष्ट मनापासून पाहिलेल्या माणसाने त्या बळावर स्वतःच्या श्रद्धेची गोष्ट सांगितली. पडद्यावरची कथा प्रेक्षकाच्या मनात कोणत्या वाटेने जाईल हे दाखवणाऱ्याच्या हाती नसते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये उलट चित्र होते. तेथे नव्याने स्थापन झालेल्या चित्रपट परीक्षण मंडळाने सुरुवातीला दोनच ठाम नियम केले: नग्नता नको आणि ख्रिस्ताची देहधारी आकृती पडद्यावर नको. नटाने प्रभूची भूमिका करणे अनेक श्रद्धावान ख्रिस्ती लोकांना पाखंड वाटत होते. आपल्याकडे मात्र कीर्तन, दशावतार, रामलीला आणि लळित यांची सवय असलेल्या प्रेक्षकाला नटाच्या रूपातला देव परका नव्हता. फाळक्यांच्या ‘लंकादहन’पासून प्रभातच्या ‘संत तुकाराम’पर्यंत मराठी माणसाने चित्रपट पाहिला तो पुष्कळदा हात जोडूनच. म्हणून पाश्चात्त्य देशांत धार्मिक चित्रपटाला जी शंका आधी पार करावी लागली ती येथे आडवी आली नाही. येथे अडचण वेगळी होती: प्रेक्षक येशूच्या प्रतिमेलाही सहज नमस्कार करी आणि देव्हाऱ्यातील इतर देवांच्या शेजारी तिला जागा देई. बोलावणाऱ्या मंडळीला हा स्वीकार वाटे की नुसता सौजन्याचा भाग, यावर मराठी ख्रिस्ती घरांत आजही दोन मते ऐकू येतात.

ही अडचण सोडवण्याचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक प्रयत्न चित्रपटाचा नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन या रूपांतून ख्रिस्त सांगितला. त्यांच्या कीर्तनाला येणाऱ्या श्रोत्याला काय ऐकायला मिळणार याची पूर्ण कल्पना असे, कारण टिळक कोण आहेत हे गावाला माहीत होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. चित्रपटाच्या प्रसारकांनी पुढे जी पद्धत घडवली, तिच्याकडे टिळकांच्या या वाटेवरून पाहिले पाहिजे असे मला वाटते. कथेनंतर कथेकरी श्रोत्यांत बसून राहतो, प्रश्न घेतो, हा कीर्तनाचा संस्कार आहे. पडदा गुंडाळून पुढच्या गावाला निघालेल्या फिरत्या पथकाला तो साधत नाही.

फिरत्या पथकांचा इतिहासही लहान नाही. 1882 मध्ये मुंबईत आलेल्या मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने 13 सप्टेंबर 1900 रोजी मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्यांवरचा एक मोठा कार्यक्रम सादर केला, ज्यात कंदिलाच्या सुमारे 200 काचा, छोट्या फिती, व्याख्यान आणि संगीत एकत्र गुंफले होते. ब्रिटनमध्ये जे. आर्थर रँक या मेथडिस्ट गिरणीमालकाने 1933 मध्ये धार्मिक चित्रपटांसाठी संस्था उभारली आणि त्या वाटेने तो देशातील सर्वांत मोठा चित्रपट उद्योजक झाला. तेथील हेतू मुख्यतः चर्चपासून दुरावत चाललेल्या स्वकीयांना परत आणण्याचा होता. इकडे असे करू पाहणाऱ्याने हा फरक विसरता कामा नये. युरोपातील धर्मनिरपेक्ष समाजात समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस बहुधा धर्म सोडलेला असतो. ठाण्यात त्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी सकाळीच कौपीनेश्वराचे दर्शन घेतलेले असते, आणि त्यांच्याशी बोलताना श्रद्धा म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावण्याची गरज नसते. तिकडची तयार पुस्तिका आणि तयार प्रश्नावली येथे जशीच्या तशी वापरली की संवाद अडतो तो यामुळेच.

1979 मध्ये बायबलमधील येशूच्या चरित्रावर, म्हणजे लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला, इस्राएलमध्ये चित्रित झालेला ‘जीझस’ हा चित्रपट आला. जॉन हेमन त्याचे निर्माते होते आणि बिल ब्राइट यांच्या कॅम्पस क्रूसेड फॉर ख्राइस्ट या संस्थेने तो प्रसारासाठी हाती घेतला. स्थानिक आवाज वापरून ओठांच्या हालचालींशी जुळणारे संवाद ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत इतक्या शिस्तीने राबवली गेली की आज तो 2000 हून अधिक भाषांत आहे. मराठी त्यांत आहेच. त्याच्या एक वर्ष आधी तेलुगूत विजयचंदर यांच्या प्रमुख भूमिकेचा ‘करुणामयुडू’ प्रदर्शित झाला होता, जो पुढे हिंदीत ‘दयासागर’ म्हणून गावोगाव दाखवला गेला. दोन्ही चित्रपटांचा मूळ आधार शुभवर्तमानच असला तरी दुसऱ्यातील गाणी, करुणरस आणि चेहरे भारतीय पौराणिक चित्रपटाच्या घराण्यातले होते. फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राकडून जे घेतले होते ते सुमारे सात दशकांनी ख्रिस्तचरित्राला परत मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हाचे प्रदर्शन कसे चाले हे आता व्हिडिओच्या पिढीला सांगावे लागते. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, वीज गेली तर जनरेटर, दोन बांबूंना ताणून बांधलेला पांढरा पडदा आणि कर्ण्याचा आवाज एवढे साहित्य असे. 1600 फुटांचे एक रीळ साधारण पाऊण तासात संपते, त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटात दोनदा थांबावे लागे. रीळ उतरवून दुसरे चढवायचे, फीत दातेरी चाकांतून आणि दिव्यासमोरच्या फटीतून ओवायची, वर आणि खाली योग्य तेवढा सैल वेढा ठेवायचा, नाहीतर फीत तुटायची. या पाच-सात मिनिटांत दिवे लागत आणि सुवार्तिक, म्हणजे येशूचा संदेश सांगणारा प्रचारक, बोलायला उभा राही. मुले पडद्यासमोर सावल्या पाडत, बायका पाण्याला उठत, कोणी येऊन ‘तो आजारी माणूस बरा कसा झाला’ असे विचारी. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातला सर्वांत जिवंत भाग हाच होता. पुढे कॅसेट, डीव्हीडी आणि पेन ड्राइव्ह आले, तसा हा सक्तीचा विसावा नाहीसा झाला आणि चित्रपट सलग संपून थेट अखेरच्या प्रार्थनेच्या आवाहनावर येऊ लागला. क्रूसावरील मरण पाहून गहिवरलेल्या माणसाला त्याच क्षणी निर्णय घ्यायला सांगणे मला घाईचे वाटते. तो डोळे पुसून घरी जाईल, चार दिवस विचार करील आणि वाटले तर विचारायला येईल, एवढा विश्वास सुवार्तेवर असायला हवा.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर घटनेच्या पंचविसाव्या कलमातील धर्मप्रसाराच्या हक्कावर 6 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत तीव्र चर्चा झाली होती. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हा हक्क सर्वांना सारखाच आहे, आर्यसमाजालाही आहे, असे दाखवून दिले. कन्हैयालाल मुन्शी यांनी ख्रिस्ती समाजाला हा उल्लेख का महत्त्वाचा वाटतो ते समजावले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सीमा आखली: आपल्या धर्माची तत्त्वे मांडून त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. उघडपणे, नाव सांगून दाखवलेला चित्रपट तत्त्वे मांडण्याच्या या मर्यादेत स्वच्छ बसतो. त्याला आमिषाची, औषधाची किंवा रोग बरा करण्याच्या दाव्याची जोड दिली की तो त्या मर्यादेबाहेर पडतो, आणि महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याशीही गाठ पडू शकते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि हक्कधारकाची परवानगी लागते, ही बाब अनेक मंडळ्या अजूनही गांभीर्याने घेत नाहीत आणि ती घेतली पाहिजे.

ठाण्यात धर्मांतराच्या या संशयाला स्थानिक मुळेही आहेत. 1321 मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ख्रिस्ती धर्म येथे सत्तेविना आला होता. पोर्तुगीज काळात तो सत्तेबरोबर आला, आणि 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंतच्या काळातील बळजबरीच्या आठवणी या किनाऱ्याच्या इतिहासलेखनात कायम राहिल्या. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च त्या काळाचा वारसा आहे, आणि ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, याच किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती समाजाची मराठी बोलणारी कुटुंबे त्याहून जुन्या मातीतली आहेत. त्यांना ‘तुम्ही कुठून आलात’ असे विचारले जाते तेव्हा होणारी वेदना खरी आहे, तशीच विचारणाऱ्याच्या मागची भीतीही इतिहासातूनच आलेली आहे.

नवी मुंबईचे प्रकरण निराळे आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसलेल्या या शहरात मल्याळी, तमिळ, कोकणी आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबे नोकरीनिमित्त एकाच इमारतीत शेजारी झाली. काही छोट्या मंडळ्या आजही भाड्याच्या सभागृहात भजन-प्रार्थना करतात. तेथे चित्रपट दाखवायचा म्हणजे सोसायटीच्या समितीशी बोलणे, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारणे आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाच्या आत आवाज बंद करणे आले. एप्रिलमध्ये अंधार पडायला साडेसात वाजतात, आणि चित्रपट दोन तासांचा असतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात नंतरच्या गप्पांना जेमतेम अर्धा तास उरतो. गणेशोत्सवात गल्लीत पडदा लावून चित्रपट पाहिलेल्या शेजाऱ्यांना ही सगळी धावपळ ओळखीची असते, आणि खुर्च्या मांडायला तेच पुढे येतात.

आता हे चित्रपट प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट उपलब्ध आहेत आणि ते पाहायला कोणी चर्चच्या आवारात येण्याची गरज राहिलेली नाही. त्यामुळे एकत्र बसून पाहण्याला उरलेले कारण संवाद हेच आहे. आमंत्रणावर चर्चचे नाव, चित्रपटाचे नाव, चित्रपटानंतर चर्चा आहे आणि तिला थांबणे ऐच्छिक आहे, एवढे छापून देणाऱ्या मंडळ्यांकडे गर्दी कमी जमते, पण थांबलेली माणसे प्रश्न विचारतात, आणि त्यांतील काही आपल्या घरच्या सत्यनारायणाचे आमंत्रण पाळकांना देऊन जातात.