पार्श्वभूमी : दे ला पेन्याचे हस्तलिखित आणि क्रॉकेटचा मृत्यू

अमेरिकेचा दंतकथा बनलेला सरहद्दवीर डेव्ही क्रॉकेट अलामोच्या वेढ्यात लढता लढता पडला की पकडला जाऊन मारला गेला, हा टेक्सासमधला वाद ज्या हस्तलिखितामुळे पेटला, ते मेक्सिकन सैन्याच्या सॅपर (खंदक-पूल बांधणाऱ्या) पलटणीतल्या होसे एन्रिके दे ला पेन्या या अधिकाऱ्याचे. ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासच्या बंडखोरांचे ठाणे असलेला अलामो पडल्यावर सातेक जण जिवंत सापडले, जनरल कास्त्रियोनने त्यांना मेक्सिकन सेनापती सांता आन्नापुढे आणले, सांता आन्नाने संतापून त्यांना ठार करण्याचा हुकूम दिला आणि जवळच्या काही अधिकाऱ्यांनी तलवारी चालवल्या, असे त्यात लिहिले आहे. त्या सातांत क्रॉकेटचे नाव येते. भांडण आहे ते या एका परिच्छेदावर. रसद आणि वैद्यांविना रेटलेल्या मोहिमेचे, जखमींच्या हालअपेष्टांचे जे वर्णन उरलेल्या बाडात आहे, त्याकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि तेच अधिक मोलाचे आहे.

बाड छापले गेले १९५५ साली, मेक्सिकोत, एका संग्राहकाच्या खर्चाने. शंभराहून अधिक वर्षे ते कुठे होते, याचा धड माग नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेत क्रॉकेटवरच्या दूरदर्शन मालिकेने पोरांना वेड लावले होते. या योगायोगाने पुढे संशयाला खतपाणी मिळाले. १९७५ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा गहजब झाला. १९९४ मध्ये तर संपूर्ण हस्तलिखित बनावट असल्याचा आरोप करणारे पुस्तकच आले.

त्या आरोपाचा कणा होता तारीख. पहिल्या आवृत्तीच्या संपादकाने मुखपृष्ठावरच ‘१८३६ चे अप्रकाशित हस्तलिखित’ असे जाहीर केले होते. त्याला आधारही होता, कारण प्रस्तावनेखाली मातामोरोस, १५ सप्टेंबर १८३६ अशी नोंद आहे. पण मजकुरात त्या तारखेनंतरच कळू शकतील अशा गोष्टी आहेत. १८३६ चा माणूस पुढचे कसे लिहील? टीकाकारांचा प्रश्न बिनतोड होता, पण तो लागू पडत होता मुखपृष्ठावरच्या वर्षाला. मोहिमेतली टिपणे वेगळी आणि त्यांवरून नंतर फुलवलेले कथन वेगळे. दे ला पेन्या १८३८ मध्ये मध्यवर्ती सत्तेविरुद्धच्या संघराज्यवादी उठावाच्या बाजूने गेला, तुरुंगात पडला आणि तिथेही हा मजकूर हातात घेऊन बसला. त्याचे १८३९ चे एक छापील पत्रक अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडले. आपली रोजनिशी छापायची आहे, असे त्यात तो स्वतः सांगतो. म्हणजे कालविसंगती ही बनावटीची खूण ठरत नाही, ती वर्षानुवर्षे चाललेल्या पुनर्लेखनाची खूण ठरते. मुखपृष्ठावर वर्ष घालण्याचा तो निर्णय घेतला नसता, तर निम्मा वाद उभाच राहिला नसता.

१९९८ मध्ये कागद लिलावात ३,८७,५०० डॉलरला गेले आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला भेट मिळाले. मग तपासणी झाली. अशा कामात नुसता कागद जुना असून भागत नाही, कारण जुन्या पुस्तकांची कोरी पाने कापून वापरता येतात. म्हणून कडा, जलचिन्हे आणि घड्या पाहतात. अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकला, तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, कारण उजळपणाची रसायने तेव्हापासून वापरात आली. मायफळ आणि लोहक्षाराची शाई ताज्या कागदात नीट मुरते. जुन्या कागदावरची खळ (शाई पसरू न देणारा लेप) विरलेली असते, त्यामुळे आज लिहिलेली ओळ कडेने फुटते. या हस्तलिखिताचा कागद आणि शाई १८३० च्या दशकातल्या मेक्सिकन सैन्याच्या वापराशी जुळली. हस्ताक्षर लष्करी दप्तरातल्या त्याच्या कागदांशी जुळले. क्रॉकेटचा मजकूर सुट्या पानावर आहे ही हरकत मात्र पुष्कळांच्या मनातून गेली नाही.

सात जणांची गोष्ट १९५५ ची नाहीच. ११ मार्च १८३६ च्या पत्रात टेक्सासच्या सैन्याचा सेनापती सॅम ह्यूस्टनने सात जण शरण आले आणि सांता आन्नाच्या हुकुमाने मारले गेले, असे लिहिले होते. क्रॉकेटचे नाव जोडलेल्या बातम्याही त्याच वर्षी अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून आल्या. उलट सांता आन्नाबरोबर असलेला मेक्सिकन अधिकारी आल्मोन्ते याच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद मोजक्या ओळींची आहे आणि तिच्यात क्रॉकेट नाही.

कागद खरा निघाला, तरी मेक्सिकन अधिकाऱ्याला क्रॉकेट ओळखू कसा आला, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. अलामोचा सेनापती ट्रॅव्हिस याच्या ‘जो’ नावाच्या गुलामाने क्रॉकेटचे प्रेत शत्रूच्या प्रेतांच्या गराड्यात पडलेले सांगितले होते. दे ला पेन्याच्या नजरेवर कितपत विसंबायचे, हे पाहायला ट्रॅव्हिसविषयीचा मजकूर आधी वाचावा. त्यात देखणा, सोनेरी केसांचा सेनापती वळून वळून गोळ्या झाडत झुंजतो आणि मग पडतो. हल्ल्याच्या वेळी जवळ असलेल्या ‘जो’च्या सांगण्याप्रमाणे मात्र ट्रॅव्हिसला सुरुवातीलाच तटावर गोळी लागली.